झाकणावरचा आकडा आणि गायमुखचा चढ: टर्बो गाडीचं पेट्रोल कसं निवडायचं

वागळे इस्टेटला आमचं गॅरेज आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. गेल्या काही वर्षांत दारात येणाऱ्या पेट्रोल गाड्यांमध्ये टर्बोवाल्या फार वाढल्यात. नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, कुशाक, टायगून, मॅग्नाइट, फ्रॉन्क्स. एक-सव्वा लिटरचं इंजिन आणि त्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग. काम क्लचचं असो की नुसतं ऑइल बदलायचं, चावी परत घेताना माणूस हमखास विचारतो, "ताई, साधं टाकू की पंच्याण्णव? आणि ते शंभरवालं टाकलं तर इंजिन सुधारतं का?"

काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून नीट बसून लिहिते आहे. ठाणे-नवी मुंबईत गाडी चालवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे, कारण आपला उकाडा, आपला ट्रॅफिक आणि आपले घाट यांचा या निर्णयाशी थेट संबंध आहे.

आधी झाकण उघडा

पेट्रोल टाकायचं झाकण उघडा आणि त्याच्या आतल्या बाजूचा स्टिकर वाचा. अनेक गाड्यांच्या स्टिकरवर धूळ आणि पेट्रोलच्या ओघळांचा थर बसलेला असतो. ओल्या फडक्याने पुसा. तिथे 'आरओएन' या अक्षरांपुढे एक आकडा असतो, ९१ किंवा ९५. हा पेट्रोलच्या ऑक्टेनचा आकडा, ऑक्टेन म्हणजे काय ते पुढे सांगते. ९१ म्हणजे साधं पेट्रोल. काही स्टिकरवर दोन्ही असतात, त्यातला लहान आकडा किमान आणि मोठा शिफारस केलेला. शेजारी गोलात 'ई१०' किंवा 'ई२०' असं लिहिलेलं असेल तर ते इथेनॉलबद्दल आहे, त्याकडे पुढे येते. स्टिकर नसेल किंवा पुसला गेला असेल तर गाडीसोबत आलेल्या मॅन्युअलमध्ये इंधनाचं पान काढा. ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पंपावर कामाला येतं.

गाडीचा फक्त आकडा बघून उपयोग नाही, शब्द वाचा. 'किमान ९१' असेल तर कंपनीने इंजिन ९१ वर चालवून तपासलं आहे आणि साध्या पेट्रोलवर त्याला धोका नाही. 'किमान ९५' असेल तर विषय तिथेच संपला, रोज ९५ च टाका. आणि 'शिफारस ९५, किमान ९१' असेल तर तुमच्याकडे निवड आहे. ती कशी करायची, हाच या लिखाणाचा मोठा भाग आहे.

एक गोंधळ इथेच मिटवते. परदेशातले व्हिडिओ बघून बरेच जण येतात. "अमेरिकेत माझ्याच इंजिनात लोक ९१ टाकतात, म्हणजे आपलं साधं पेट्रोल पुरतं," असं म्हणतात. अमेरिकेतल्या पंपावर वेगळ्या पद्धतीचा आकडा असतो. ऑक्टेन मोजायच्या दोन रीती आहेत. एक आरओएन, जी आपल्याकडे आणि युरोपात लिहितात. दुसरी एमओएन, जी जास्त कडक परीक्षा असते, त्यामुळे तिचा आकडा कमी येतो. अमेरिकेत या दोन्हींची सरासरी लिहितात. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं साधारण ९५-९६. म्हणजे तो अमेरिकेतला माणूस प्रत्यक्षात आपल्या प्रीमियमच्या बरोबरीचं पेट्रोल टाकत असतो.

ऑक्टेन म्हणजे नेमकं काय

ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाब आणि उष्णता सोसत ठिणगी पडेपर्यंत ते किती दम धरतं, हे तो सांगतो. या मोजपट्टीच्या एका टोकाला एन-हेप्टेन आहे, ते फार लवकर पेटतं म्हणून त्याला ०. दुसऱ्या टोकाला आयसो-ऑक्टेन, त्याला १००. ९१ चं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकाच दम धरणारं पेट्रोल.

इंजिनात काय होतं ते बघा. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतींकडे पसरत जाते. ती पोचायच्या आत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जाऊन तापत असतं. पेट्रोलने दम सोडला की तो कोपरा आपण होऊन एकदम पेटतो. मग सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात आणि आवाज येतो. स्टीलच्या डब्यात हरभरे घालून हलवल्यासारखा. याला आमच्या धंद्यात 'नॉक मारणं' म्हणतात. एखाद-दुसऱ्या वेळी हलकं नॉक झालं तर काही बिघडत नाही. जोरात आणि वारंवार झालं तर पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जातं.

टर्बोमध्ये हे लवकर होतं, कारण टर्बो हवा कोंबतो आणि कोंबलेली हवा तापते. बाहेर ३० अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोमधून निघताना ती सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. मग इंटरकूलर तिला थंड करतो. पण इंटरकूलरला थंड करायला वारा लागतो. मे महिन्यात माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असलेल्या गाडीला तो वारा कुठून मिळणार? सगळं बॉनेट तापून बसलेलं असतं. आणि पुढे रस्ता जरा मोकळा झाला की आपण पाय दाबतो. इंजिनासाठी सगळ्यात वाईट क्षण तोच.

आपला दमटपणा मात्र इथे थोडी मदत करतो. हवेत बाष्प जास्त असेल तर नॉक कमी होतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर तीच गाडी जास्त सुखाने चालते. ते काही पेट्रोल बदलल्यामुळे नसतं.

बाबांचा कान आणि आताचा सेन्सर

बाबा प्रीमियर पद्मिनीच्या काळातले. तेव्हा शिशाचं पेट्रोल होतं, ते देशात २००० च्या फेब्रुवारीत पूर्ण बंद झालं. गाडी नॉक मारत असेल तर बाबा शेजारी बसून चढावर घेऊन जायचे, कान देऊन ऐकायचे. मग बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, बोल्ट सैल करायचे आणि तो भाग हाताने केसभर फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घ्यायचे. पुन्हा चढावर. आवाज थांबला की बोल्ट आवळायचा. आवाज जायचा, पण पिकअपही थोडा जायचा.

आताच्या गाडीत हेच काम नॉक सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. इंजिन ब्लॉकला एक छोटा सेन्सर बोल्टने आवळलेला असतो. तो ब्लॉकची थरथर ऐकतो, त्यातली नॉकची ठराविक थरथर ओळखतो, आणि कॉम्प्युटर लगेच ठिणगी उशिरा टाकायला लागतो. तुम्हाला आवाज येतच नाही. तुम्हाला फक्त एवढंच जाणवतं की गाडी आज उचलत नाही, चढावर दम टाकते, ॲव्हरेज अर्ध्या-एकाने पडलंय. 'आवाज येत नाही, म्हणजे पेट्रोल बरोबर आहे' असं म्हणूनच म्हणता येत नाही. जास्त ऑक्टेनचा फायदा कधी होतो, हेही यातूनच कळतं. कॉम्प्युटर आधीपासून ठिणगी मागे ओढत असेल, तर जास्त ऑक्टेन टाकल्यावर तो ती पुढे आणेल आणि गाडी मोकळी होईल. तो मागे ओढतच नसेल, तर वरचा आकडा टाकून तुम्ही फक्त पैसे घातले.

आपल्या गाडीवर तपासून बघा

हे तपासता येतं आणि त्यासाठी माझ्याकडेच यायला हवं असं नाही. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर एक रुंद सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा स्कॅनर ऑनलाइन मिळतो. मोबाइलवर ॲप टाकलं की इग्निशन टायमिंग, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब दिसतो. एवढे तीन आकडे पुरे. ॲपमध्ये नोंद साठवायची सोय असते, ती चालू करा आणि घरी येऊन बघा. गाडी चालवताना मोबाइलकडे बघायचं नाही. शेजारी कुणी असेल तर त्याच्या हातात द्या.

मागच्या मे महिन्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका काकांची गाडी आम्ही अशी तपासली. एक लिटर, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो. मॅन्युअलमध्ये किमान ९१, शिफारस ९५. तक्रार अशी की पावसाळ्यात घेतली तेव्हा बरी होती, आता उचलत नाही. रविवारी सकाळी सहाला निघालो, कारण गायमुखच्या चढावर तपासायचं तर रस्ता मोकळा हवा. बाबाही मागच्या सीटवर बसले, त्यांना राहवलं नाही.

टाकीत साधं पेट्रोल होतं. चढाच्या खालून तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमपासून पाय स्थिर ठेवून वर. पहिल्या फेरीला, इंजिन नुकतंच गरम झालेलं असताना, टायमिंग नऊ अंशांवर होतं. हा आकडा कमी झाला की समजायचं, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतोय. खाली येऊन वळलो, पुन्हा तेच. आत जाणारी हवा पन्नास अंशांच्या पुढे गेली तशी टायमिंग सात, मग सहा, मग एका सेकंदासाठी साडेचारवर आलं आणि हळूहळू परत चढलं. बाबा मागून म्हणाले, "मला तर काही ऐकू आलं नाही." बरोबरच होतं. कॉम्प्युटरने त्यांच्या आधी ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात काकांनी टाकी चतुर्थांशावर आल्यावर ९५ भरलं, दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवली, आणि पुढच्या रविवारी आम्ही त्याच वेळी त्याच चढावर गेलो. हवा तशीच तापली. टायमिंग नऊवरून आठवर आलं आणि तिथेच राहिलं. चढावर फरक पायाला कळत होता, गाडी धरून ठेवल्यासारखी वाटत नव्हती. पण चढ संपल्यावर सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने दोन्ही पेट्रोलवर आकडे सारखेच होते. ही एका गाडीची गोष्ट आहे, तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. कसं बघायचं ते कळावं म्हणून सांगितली.

तपासताना तीन गोष्टी सांभाळा. चढ तोच, वेळ तीच, गाडीतली माणसं तेवढीच ठेवा. एसी दोन्ही वेळा चालू किंवा दोन्ही वेळा बंद. आणि पेट्रोल बदलल्या दिवशीच निकाल लावू नका, जुनं पेट्रोल संपून कॉम्प्युटरला नवीन उमगायला थोडं चालवावं लागतं. दुसरं पेट्रोल भरायचं म्हणून टाकी रिझर्व्हच्याही खाली नेऊ नका. आतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, कोरडा चालवला की तोच जातो आणि तो महाग असतो.

नवी मुंबईकरांना गायमुख दूर पडेल. मुंब्रा बायपासला चढ आहे, पण ट्रकांमध्ये तिथे असली तपासणी करू नका. एक्सप्रेस वेने लोणावळ्याला जाणार असाल तेव्हा नोंद चालू ठेवा, खंडाळ्याच्या चढावर गाडी आपण होऊन सगळं सांगते. पाम बीचवर काहीच कळणार नाही. तो सपाट आहे, तिथे टर्बोवर फारसा भारच येत नाही.

पैशाचा हिशोब

आमच्या भागात मी हे लिहिलं तेव्हा साधं पेट्रोल १०४ च्या आसपास, ९५ त्याहून आठेक रुपयांनी जास्त आणि १०० चं १६० च्या घरात होतं. भाव बदलतील, पण गणित असंच करायचं.

१०४ ला ८ रुपये जास्त म्हणजे साधारण पावणेआठ टक्के. तुमचं ॲव्हरेज साध्यावर १३ येत असेल तर पैसे वसूल व्हायला ९५ वर १४ यायला हवं. माझ्या वहीत शहरातल्या चालवण्यात एवढी वाढ एकाही गाडीची लिहिलेली नाही. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला ९५ साठी सहाशे-सव्वासहाशे रुपये जास्त पडतात. ते पैसे पिकअपसाठी आणि उन्हाळ्यात इंजिन निवांत राहावं म्हणून द्यायचे असतील तर जरूर द्या. ॲव्हरेजमधून परत मिळतील या आशेने देऊ नका.

१०० च्या बाबतीत तर १३ चं ॲव्हरेज २० व्हायला हवं. ते होणार नाही. हे पेट्रोल ज्यांच्या इंजिनला त्याची गरज आहे त्यांच्यासाठी आहे: जास्त कॉम्प्रेशनच्या महागड्या गाड्या, मोठ्या मोटारसायकली, आणि ज्यांनी गाडीचा कॉम्प्युटर शंभरवर ट्यून करून घेतला आहे असे लोक. एक लिटरच्या कंपनी सेटिंगच्या गाडीला ९५ च्या पुढे टायमिंग नेण्याची मुभा बहुधा दिलेलीच नसते.

"मग अर्धं शंभर आणि अर्धं साधं टाकलं तर?" हा प्रश्नही रोज येतो. मिसळता येतं, आकडा ढोबळमानाने प्रमाणात येतो. ३० लिटर ९१ मध्ये १० लिटर १०० घातलं तर साधारण ९३ होतं आणि लिटरला ११८ रुपये पडतात. ९५ बनवायला जवळजवळ ४४ टक्के शंभरवालं घालावं लागतं, तेव्हा लिटरला १२९ रुपये होतात. तेच ९५ समोरच्या नोझलमधून ११२ ला मिळतं. मिश्रण करायचंच असेल तर ९१ आणि ९५ चं करा.

पंपावर

इंडियन ऑइलकडे एक्सपी९५ आणि एक्सपी१०० आहे, हिंदुस्तान पेट्रोलियमकडे पॉवर९५ आणि पॉवर१००, शेलकडे व्ही-पॉवर. शंभरवालं सगळ्या पंपांवर नसतं. नावं आणि रंग बदलत राहतात, म्हणून नावावर जाऊ नका. 'प्रीमियम' म्हणजे दरवेळी जास्त ऑक्टेन असं नसतं. काही पेट्रोलमध्ये फक्त इंजेक्टर साफ ठेवणारी ॲडिटिव्ह जास्त असतात आणि ऑक्टेन साध्याइतकंच असतं. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण नॉकवर तो इलाज नाही. मशिनवर आकडा छापलेला असेल तो वाचा. आकडा नसेल तर विचारा, आणि समोरच्याला सांगता आलं नाही तर ते साधं धरून चाला. पोराने नोझल हातात घेण्याआधी स्पष्ट सांगा, "पंच्याण्णव, आणि झिरो दाखव." घाईच्या वेळी काही ठिकाणी विचारल्याशिवाय महागडं टाकतात, काही ठिकाणी मागितलेलं संपलं म्हणून साधं टाकतात. पावतीवर पेट्रोलचं नाव येतं, ती घ्या.

टँकर रिकामा होत असेल तर अर्धा तास थांबा किंवा पुढच्या पंपावर जा, त्या वेळी पंपाच्या टाकीतला तळाचा गाळ ढवळलेला असतो.

इथेनॉलबद्दल

आता आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला ई२० म्हणतात. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभरच्या वर आहे आणि ते सिलिंडरमध्ये जाताना हवा थंडही करतं, त्यामुळे नॉकच्या बाबतीत टर्बोला त्याचा फायदाच होतो. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या खुलाशात ई२० मुळे पेट्रोलचं ऑक्टेन ९५ पर्यंत गेल्याचं म्हटलं होतं. तरीही ज्यांच्या झाकणावर 'किमान ९५' लिहिलंय त्यांना मी सांगते की ज्या नोझलवर ९५ छापलंय तेच घ्या. छापलेल्या आकड्याबद्दल उद्या पंपवाल्याला जाब विचारता येतो.

इथेनॉलची दुसरी बाजू ॲव्हरेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. कागदावर हिशोब केला तर ई२० च्या लिटरमध्ये इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. म्हणून अलीकडे ॲव्हरेज घसरलं असेल तर लगेच ऑक्टेनवर खापर फोडू नका. आणि ९५ घेतलं म्हणजे त्यात इथेनॉल नाही असंही समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी २०२३ च्या एप्रिलआधीची असेल तर तिच्या पाइप-सीलना ई२० चालतं का, हे मॅन्युअलमध्ये बघा किंवा सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा.

पावसाळ्यात एक जपायचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉलच गेलेलं असल्यामुळे त्याचं ऑक्टेनही पडतं. दोन वर्षांपूर्वी जुलैत, रात्रभर पाऊस कोसळल्यावर सकाळी, कळव्याकडून एक टर्बो गाडी टो होऊन आली. आदल्या रात्री पाणी साचलेल्या रस्त्यालगत टाकी फुल्ल केली होती. आम्ही पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. दहा मिनिटांत खाली बोटभर गढूळ थर आणि वर पिवळट पेट्रोल, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. टाकी खाली उतरवून धुतली, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. त्या माणसाचे दोन दिवस आणि बरेच पैसे गेले. परिसर पाण्याखाली गेला असेल तर त्या दिवशी तिथे पेट्रोल घेऊ नका. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवाच पाणी आणते.

ऑक्टेनने न सुटणारा एक प्रकार

हे मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण यात इंजिनं जातात. कोपरीच्या पुलाचा चढ, चौथा किंवा पाचवा गिअर, आरपीएम दीड हजाराच्या खाली, गिअर बदलायचा कंटाळा म्हणून पाय पूर्ण दाबलेला. टर्बो भरपूर हवा कोंबतो, इंजिन मात्र सावकाश फिरतंय. अशा वेळी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. ऑइलचा थेंब किंवा काजळीचा कण त्याला कारण होतो. याला एलएसपीआय (लो स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात, म्हणजे कमी वेगात वेळेआधी पेटणं. हा दणका नेहमीच्या नॉकपेक्षा कितीतरी जबर असतो आणि एका झटक्यात पिस्टन तडकू शकतो. सेन्सरने ठिणगी मागे घेऊन उपयोग नाही, कारण ठिणगीच्या आधीच सगळं घडलेलं असतं. १०० ऑक्टेन टाकून याचा भरवसा मिळत नाही.

उपाय साधा आहे. खालचा गिअर टाका. टर्बोला दोन हजाराच्या वर फिरू द्या, मग पाय दाबा. आणि ऑइल बरोबर घाला. डब्याच्या मागे गोल चिन्हात 'एपीआय एसपी' लिहिलेलं ऑइल या त्रासाचा विचार करून बनवलेलं असतं, हा दर्जा २०२० पासून आहे. तुमच्या मॅन्युअलमध्ये कंपनीचा वेगळा दर्जा दिला असेल तर तोच पाळा. ९५ टाकायचं आणि ऑइल मात्र कुणीतरी दिलं ते स्वस्तातलं भरायचं, असं कृपा करून करू नका. त्या आठ रुपयांपेक्षा वेळेवर बदललेलं चांगलं ऑइल इंजिनला जास्त वाचवतं. तेच स्पार्क प्लगचं. टर्बोचे प्लग ठराविक उष्णतेचे असतात, 'बसतो आहे ना' म्हणून दुसरा बसवला तर उत्तम पेट्रोलवरही गाडी नॉक मारेल.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दल एवढंच सांगते: बाटलीवर 'दहा पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं तेव्हा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग धरलेला असतो. म्हणजे ९१ चं १०१ होत नाही, फार तर ९२ होतं. काही बाटल्यांतल्या धातूच्या रसायनाने प्लगवर लालसर पूड बसते. मी असे प्लग काढलेत आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलेत.

ट्यून केलेल्या गाड्या आणि अडचणीची वेळ

गाडीचा कॉम्प्युटर रीमॅप करून, म्हणजे त्याची कंपनीची सेटिंग बदलून घेतली असेल तर झाकणावरचा आकडा विसरा. ट्यूनरला विचारा की मॅप कुठल्या पेट्रोलवर बनवला, आणि ते लिहून घ्या. ९५ च्या मॅपवर साधं टाकून घाट चढू नका. सेकंड हँड टर्बो घेताना मालकाला हा प्रश्न आवर्जून विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर कुठल्याही जाणकाराकडून स्कॅन करून घ्या.

आणि नाशिकला निघालात, झाकणावर 'किमान ९५' आहे, काटा खाली आला आणि समोरच्या पंपावर फक्त साधं आहे, तर? पुढच्या पंपापर्यंत पोचण्यापुरतं, पाच-दहा लिटर टाका, टाकी भरू नका. टाकीत उरलेल्या ९५ मध्ये ते मिसळेल. मग कसारा घाट एक गिअर खाली ठेवून, अर्ध्या पायाने, घाई न करता चढा. ओव्हरटेकसाठी पाय पूर्ण दाबू नका. ९५ मिळालं की टाकी भरून घ्या. आवाज आला किंवा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर बाजूला थांबा आणि फोन करा, तशी गाडी पुढे ढकलू नका.

गॅरेजमधून टर्बो गाडी बाहेर जाताना मी झाकणाच्या आत पांढरी चिकटपट्टी लावते आणि मार्करने दोन ओळी लिहिते. पंपावर चालक कुणीही असो, घरातली मुलगी असो की ड्रायव्हर, त्याला फोन करून विचारायची वेळ येऊ नये. घोडबंदरच्या काकांच्या पट्टीवर लिहिलंय: 'जून ते फेब्रुवारी साधं चालेल. मार्च ते मे, आणि कसारा-खंडाळ्याला जाताना केव्हाही, ९५.' खाली कंसात बाबांनी त्यांच्या अक्षरात भर घातली आहे: 'चढाला तिसरा गिअर.'